विभागाचा वार्षिक गौरव सोहळा: तयारीच्या नोंदी

१० जानेवारी

सोहळ्याची तारीख १४ मार्च. सभागृह दुपारी १ ते संध्याकाळी ७ मिळालं आहे. प्रत्यक्ष कार्यक्रम ४ वाजता, दीड तासाचा. आधीचे तीन तास मांडणी आणि चाचणीसाठी राखीव. या तीन तासांत दुसरा कोणताही कार्यक्रम घुसू द्यायचा नाही, हे सभागृहाच्या नोंदवहीत लिहून घेतलं.

आज फक्त दोन गोष्टी ठरल्या: गौरव कोणाकोणाचा आणि कोणत्या कालावधीतल्या कामासाठी. कालावधी म्हणजे मागचं पूर्ण शैक्षणिक वर्ष. निकालाच्या बाबतीत मात्र अट घातली की ५ फेब्रुवारीपर्यंत पुनर्मूल्यांकनासह जाहीर झालेला निकालच धरायचा. पुनर्मूल्यांकनात दोन-चार गुण वाढले तरी क्रमवारी उलटते, आणि एकदा छापलेला ‘द्वितीय क्रमांक’ परत घ्यायला कोणालाच तोंड उरत नाही.

गौरवाचे वर्ग: तीन अभ्यासक्रमांतले पहिले तीन विद्यार्थी (९), उत्कृष्ट प्रबंध व प्रकल्प (४), पीएच.डी. पूर्ण केलेले (६), अध्यापन साहाय्यक (२), विभागाच्या कामात पुढाकार घेणारे विद्यार्थी (३), अध्यापन (१), संशोधन मार्गदर्शन (१), निवृत्त होणारे प्राध्यापक (२), २५ वर्षं सेवा झालेले प्राध्यापक (१), प्रयोगशाळा व कार्यालयीन कर्मचारी (२). एकूण ३१.

लगेच वेळेचा हिशेब मांडला. मानपत्र न वाचता होणारा गौरव ३० सेकंदांचा. २४ विद्यार्थ्यांचे झाले १२ मिनिटं. मानपत्रासह होणारा गौरव २ मिनिटांचा. असे ७, म्हणजे १४ मिनिटं. निवृत्त होणाऱ्या दोघांना बोलायला प्रत्येकी ३ मिनिटं. गौरवाचे एकूण ३२. सुरुवात ५, विभागाचा अहवाल ८, पाहुण्यांचं भाषण १२, वर्गांची ओळख ५, आभार ४, समूह छायाचित्र १०. बेरीज ७६ मिनिटं. ९० मधून १४ मिनिटं शिल्लक राहतात, आणि ती राहायलाच हवीत. वर्ग वाढवण्याच्या सूचना येतील तेव्हा हा हिशेब समोर ठेवायचा: एक वर्ग वाढवला तर वेळ कशातून कापायची, तेही सुचवणाऱ्यानेच सांगायचं.

१७ जानेवारी

नामांकनाचा अर्ज तयार. मुदत ३१ जानेवारी. अर्जात पाचच रकाने: कोणाचं नाव, कोणत्या वर्गासाठी, काय केलं (१५० शब्द), त्याचा परिणाम कुठे दिसतो, आणि हे काम पाहिलेली दुसरी एक व्यक्ती. ‘मेहनती’, ‘हुशार’, ‘सर्वांशी मिळून मिसळून वागणारा’ एवढंच लिहून चालणार नाही, असं अर्जाच्या वरच लिहिलं आहे. समितीला विशेषणांवरून निवड करता येत नाही.

स्वतःचं नाव स्वतः सुचवण्याची मुभा ठेवली. ती नसली की ज्यांच्याभोवती मित्रमंडळींचा गोतावळा आहे त्यांचीच नावं येतात, आणि प्रयोगशाळेत एकट्याने राबणारा मागे पडतो.

३१ जानेवारी

नामांकनं आली. अध्यापन पुरस्कारासाठी सर्वाधिक अर्ज पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गाला शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी आहेत. हे दरवर्षी होणारच, कारण तिथे विद्यार्थीच जास्त. त्यामुळे अर्जांची संख्या समितीसमोर ठेवायची नाही, फक्त मजकूर ठेवायचा. बारा विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक विषयासाठी आलेल्या तीन अर्जांत शिकवण्याच्या पद्धतीबद्दल जितकं ठोस लिहिलेलं आहे, तितकं त्या मोठ्या गठ्ठ्यात क्वचितच दिसतं.

कर्मचारी वर्गासाठी एकही नाव नाही. कारण उघड आहे: अर्जाचं शीर्षक ‘विद्यार्थी व प्राध्यापक गौरव’ असल्याने इतरांनी तो उघडूनच पाहिला नाही. शीर्षक ‘विभागातील सर्वांसाठी’ असं बदललं, त्या एका वर्गाची मुदत ६ फेब्रुवारीपर्यंत वाढवली आणि प्रयोगशाळेत व कार्यालयात जाऊन अर्ज हातात दिले.

७ फेब्रुवारी

निवड समितीची बैठक. पाच सदस्य: तीन प्राध्यापक, एक संशोधक विद्यार्थी, एक बाहेरच्या विभागातले. संख्या विषम असावी. ज्या नामांकनात सदस्याचा स्वतःचा विद्यार्थी किंवा सहलेखक आहे, त्या चर्चेपुरतं त्याने खोलीबाहेर थांबायचं. नुसतं मत न देणं पुरत नाही. मार्गदर्शक समोर बसलेले असताना बाकीचे मोकळेपणाने बोलत नाहीत.

दहापैकी गुण देण्याची पद्धत ठेवली नाही. एक सदस्य हात राखून ४ ते ७ मध्ये गुण देतो, दुसरा सढळपणे ८ ते १०. सरासरी काढली की ज्याच्या गुणांत चढ-उतार मोठा त्याचंच पारडं जड होतं. त्याऐवजी प्रत्येकाने आपापला क्रम लावून आणला (१, २, ३…), क्रमांची बेरीज केली, आणि जिथे फरक दोनपेक्षा कमी होता तिथेच चर्चा केली. बैठक पावणेदोन तासांत संपली.

एका अभ्यासक्रमात तिसऱ्या क्रमांकावर दोघांची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत सारखी. तिसरं दशांश स्थळ काढून भांडण सोडवायचं नाही; गुणपत्रिकेवर दोनच छापली जातात, तेव्हा मोजमापही तेवढंच. दोघांनाही तृतीय क्रमांक. एकूण संख्या आता ३२, विद्यार्थी २५.

प्रत्येक निवडीमागचं कारण तीन-चार ओळींत लिहून समितीच्या सह्या घेतल्या. मानपत्र लिहिताना हाच कच्चा माल उपयोगी पडतो.

११ फेब्रुवारी

यादी. या सगळ्या कामाचा कणा हीच. प्रमाणपत्र, स्मृतिचिन्ह, पडद्यावरची चित्रं, सूत्रसंचालकाची कार्डं, बसण्याची जागा, छायाचित्रांची नावं, सगळं या एकाच तक्त्यातून निघणार. तक्त्याची दुसरी प्रत कोणी स्वतःकडे बनवायची नाही. बदल करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे, बाकीच्यांना फक्त पाहण्यापुरता.

रकाने: गौरव क्रमांक (०१ ते ३२, मंचावर येण्याच्या क्रमाने), नोंदणी क्रमांक, नाव देवनागरीत, नाव रोमन लिपीत, उच्चार, उपाधी, गौरवाचा पूर्ण मजकूर, उपस्थिती, गैरहजर असल्यास कोण स्वीकारणार, आसन, छायाचित्र मिळालं का.

नोंदणी क्रमांकाचा रकाना एक्सेलमध्ये भरण्याआधी ‘मजकूर’ प्रकारात बदलला. हे आधीच करावं लागतं. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच नेमके ठेवतं. क्रमांक १६ अंकी असला तर शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो आणि चौकट बघताना काहीच खटकत नाही. त्यानंतर प्रकार बदलूनही गेलेला अंक परत येत नाही. सुरुवातीचे शून्यही असेच उडतात. कार्यालयाकडून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरी नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. ती ‘डेटा’ मेनूतून आयात करायची, संकेतन यूटीएफ-८ निवडायचं आणि त्याच पडद्यावर क्रमांकाच्या स्तंभाला ‘मजकूर’ करून टाकायचं.

नावं कार्यालयीन नोंदीतून जशीच्या तशी उचलायची नाहीत. तिथली बहुतेक रोमन लिपीत आहेत, आणि ती परत देवनागरीत आणताना ळ-ल, ण-न, ठ-थ, ड-द हे भेद पुसले जातात. काळे आणि काले एकाच स्पेलिंगमध्ये बसतात. नाव ज्याचं त्यानेच देवनागरीत लिहून द्यावं.

उपाधीबद्दल: पीएच.डी.च्या सहापैकी एकाची मौखिक परीक्षा झाली आहे, पण विद्यापीठाची अधिसूचना निघालेली नाही. अधिसूचना येईपर्यंत नावामागे ‘डॉ.’ लागणार नाही. रकान्यात ‘प्रलंबित’ अशी खूण केली; ८ मार्चला पुन्हा तपासायचं.

१४ फेब्रुवारी

सर्व ३२ जणांना पत्र. अभिनंदनाच्या दोन ओळी आणि सहा प्रश्न: प्रमाणपत्रावर नाव नेमकं कसं हवं, उच्चार कसा (शक्य असल्यास ध्वनिमुद्रण पाठवा), येणार का, सोबत किती जण, पायऱ्या चढण्यात अडचण आहे का, छायाचित्र प्रसिद्ध करायला संमती आहे का. उत्तराची शेवटची तारीख २० फेब्रुवारी.

काहींना वडिलांचं नाव मधे नको असतं, काहींना आईचंही हवं असतं, काहींना लग्नाआधीचं आडनाव हवं असतं. पदवी प्रमाणपत्र कायदेशीर नावाने निघतं, पण हे विभागाचं गौरवपत्र आहे. व्यक्तीने सांगितलेलं नावच छापायचं.

१९ फेब्रुवारी

मानपत्रांचे मसुदे. सात मानपत्रं, प्रत्येकी ७० ते ८० शब्द. संथ वाचल्यावर ४० ते ४५ सेकंद लागतात.

प्रयोगशाळा साहाय्यकांच्या मानपत्राचा पहिला मसुदा असा होता: ‘आपण गेली अनेक वर्षे अत्यंत प्रामाणिकपणे, निष्ठेने व तळमळीने सेवा बजावली असून विभागाच्या जडणघडणीत आपले मोलाचे योगदान आहे.’ यात नाव बदललं तर ते कोणालाही चालेल. समितीच्या टिपणातून आणि अर्जांतून पुन्हा लिहिलं: ‘प्रयोगशाळेतल्या प्रत्येक सूक्ष्मदर्शकाची आपण स्वतंत्र नोंदवही ठेवता. दिवा कधी बदलला, भिंग कधी साफ केलं, कोणत्या बॅचच्या वेळी स्क्रू सैल झाला, हे त्यात तारखेसह सापडतं. म्हणूनच सत्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला एकही बाक उपकरणावाचून राहत नाही.’ ज्यांनी त्या बाकांवर काम केलं आहे, त्यांना हे ऐकल्यावर टाळ्या वाजवायला कोणी सांगावं लागणार नाही.

सगळ्या मानपत्रांना हीच कसोटी लावली: नाव झाकून वाचलं तरी व्यक्ती ओळखू आली पाहिजे. दोन मसुदे परत पाठवले.

२३ फेब्रुवारी

प्रमाणपत्रांची मांडणी. ए-४ आडवं, २९७ × २१० मिमी. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), न चमकणारा. चकचकीत कागदावर शाईची सही पसरते, आणि चमकदार लॅमिनेशन केलं की फ्लॅशचा पांढरा डाग नेमका नावावर पडतो. लॅमिनेशन करायचंच नाही, जाड पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये द्यायचं. छापखान्यासाठी चारही बाजूंना ३ मिमी जादा पार्श्वभूमी, आणि मजकूर कडेपासून किमान १५ मिमी आत. फोल्डरचे कोपरे आणि पुढे कोणी चौकट केली तर तिची पट्टी १० मिमीपर्यंत कडा खातात. विद्यापीठाचं बोधचिन्ह संकेतस्थळावरून उतरवून घेतलेलं चालणार नाही, छापल्यावर दातेरी दिसतं; मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहणारी) मागवली.

देवनागरीचं काम वेळखाऊ आहे. छापखान्याने आपल्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर मागितला होता. तो दिला नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अक्षरं रोमन संकेतांवर बसवलेली असतात. तक्त्यातलं युनिकोड नाव तिथे न्यायचं म्हणजे एक तर रूपांतर करा, नाहीतर पुन्हा टंकलिखित करा. दोन्हींत नावं बिघडतात. मेल मर्ज (तक्त्यातली नावं प्रमाणपत्राच्या साच्यात आपोआप भरणं) इथेच करून, फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ त्यांना दिली. त्यांनी फक्त छापायचं.

मर्ज करण्याआधी अवघड नावांवर चाचणी घेतली. कुऱ्हाडे, वऱ्हाडपांडे यांसारख्या नावांत ‘ऱ्ह’ची चंद्रकोर नीट उमटली पाहिजे. साधा र आणि हलन्त टंकला तर रफार होऊन ‘कुर्‍हाडे’चं ‘कुर्हाडे’ होतं. ज्ञ, द्व, द्ध, क्ष्म ही जोडाक्षरं सुटी तर पडत नाहीत ना, वेलांटी एकटी पडून ठिपक्यांचं वर्तुळ तर दिसत नाही ना, हे पाहिलं. काही फॉन्ट ल आणि श यांची मराठी वळणं मजकुराची भाषा ‘मराठी’ लावल्याशिवाय दाखवत नाहीत, तीही लावली.

यादीतलं सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड नाव एकाच साच्यात घालून पाहिलं. ३४ पॉइंटला लांब नाव दोन ओळींत तुटतं. नावागणिक आपोआप आकार बदलणारी सोय वापरली नाही. शेजारी-शेजारी धरल्यावर एकाचं नाव मोठं, दुसऱ्याचं लहान दिसणं बरं नाही. सगळ्यांसाठी २८ पॉइंट.

तपासणी दोघांनी मिळून: एकाने छापील प्रतीवरून अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने त्या व्यक्तीच्या स्वतःच्या उत्तराशी ताडायचं. तक्त्याशी ताडून उपयोग नाही, कारण चूक तक्त्यातच असेल तर दोन्हीकडे सारखीच दिसते. या पद्धतीत दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार सापडला.

३२ अधिक नाव न छापलेल्या ५ प्रती मागवल्या.

२६ फेब्रुवारी

स्मृतिचिन्हं, ७ नग. वजन ५०० ग्रॅमच्या आत, कारण त्याच वेळी दुसऱ्या हातात फोल्डर असतो. कोरायचा मजकूर ‘कर्व्ह’मध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषांत, रूपांतरित करून दिला, नाहीतर कोरणाऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. अक्षराची उंची ५ मिमीपेक्षा कमी नाही, त्याखाली मात्रा आणि अनुस्वार बुजतात. मूळ आकारातला छापील नमुना पाहून मगच होकार दिला. नावाची पट्टी वेगळी बनवून चिकटवायची, म्हणजे दुरुस्ती लागली तर पट्टीच बदलता येते.

१ मार्च

सभागृहाची पाहणी. मंच जमिनीपासून ६० सेमी उंच, वर जायला कठडा नसलेल्या चार पायऱ्या. गौरवमूर्तींपैकी दोघांनी पायऱ्यांची अडचण कळवली आहे. उतार १:१२ धरला तर ६० सेमीसाठी ७ मीटर २० सेमी लांब रॅम्प लागेल. तेवढी जागा नाही. फक्त त्या दोघांचा गौरव खाली आणि बाकीच्यांचा वर, असं अजिबात करायचं नाही. उपाय: मंचासमोर जमिनीवर २० सेमी उंचीचा रुंद चौथरा, बाजूला २ मीटर ४० सेमीचा रॅम्प, आणि सगळ्या ३२ जणांचा गौरव तिथेच. प्रेक्षकांच्या खुर्च्या चढत्या आहेत, त्यामुळे मागच्या रांगेतूनही दिसतं, बसून पाहिलं. पाहुणेही वर बसणार नाहीत, पहिल्या रांगेत बसतील. मंचावर फक्त पडदा आणि भाषणाचा पोडियम.

ध्वनी: चौथरा मुख्य स्पीकरच्या पुढे येतो, म्हणजे तिथला माइक शिट्टी मारणारच. स्पीकर दोन्ही बाजूंना दीड मीटर पुढे सरकवले आणि चौथऱ्यावर हातात धरायचा माइक ठेवला. तोंडापासून ५ ते १० सेमीवर धरला की गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) कमी ठेवता येतो, आणि शिट्टीचं मूळ जास्तीच्या गेनमध्येच असतं. कॉलर माइक घेतला नाही. सत्काराच्या वेळी वाकलं, गळाभेट झाली की तो खरखरतो. मागच्या बाजूचे साहाय्यक स्पीकर पुढच्यांपासून २० मीटरवर आहेत. ध्वनीला तेवढं अंतर कापायला साधारण ५८ मिलिसेकंद लागतात, म्हणून त्यांना तितका विलंब लावून घेतला. तो नसला की मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि नावं तर कळतच नाहीत.

पडदा १६:९. लॅपटॉप मंचामागे प्रोजेक्टरच्या जवळ ठेवायचा. एचडीएमआयची साधी तार १०-१५ मीटरच्या पुढे गेली की चित्र लुकलुकतं किंवा जातंच.

५ मार्च

बसण्याची आणि चालण्याची आखणी. गौरवमूर्ती डावीकडच्या पहिल्या तीन रांगांत, गौरव क्रमांकानेच. डावीकडून चढायचं, उजवीकडून उतरायचं, मागच्या बाजूने वळसा घालून जागेवर यायचं. समोरासमोर गाठ पडली की रांग तुंबते.

चार स्वयंसेवक. पहिला रांगेजवळ, पुढच्या तिघांना उठवून चौथऱ्याकडे पाठवणारा. दुसरा रॅम्पच्या तोंडाशी. हातात यादी, आलेल्याला नाव विचारून क्रमांक जुळवतो. तिसरा टेबलाजवळ फोल्डर उचलून देणारा, चौथा स्मृतिचिन्ह देणारा. इथे सर्वांत जास्त घडणारी गडबड म्हणजे एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हातात जाणं, आणि एकदा एक घर सरकलं की पुढची सगळीच सरकतात. कारण बहुधा एखादा गैरहजर असतो. त्याचा फोल्डर गठ्ठ्यातून काढलेला नसतो. म्हणून प्रत्येक फोल्डरच्या पाठीवर गौरव क्रमांकाची मोठी चिठ्ठी. तिसऱ्या स्वयंसेवकाने ती मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मान हलवल्यावरच फोल्डर पुढे जाईल. शेकडो पदव्या देताना रिकामे फोल्डर देऊन खरं प्रमाणपत्र नंतर खिडकीवर देण्याची रीत असते. ३२ जणांसाठी तशी गरज नाही. हातात येईल ते खरंच असावं.

छायाचित्रकारासाठी चौथऱ्यावर दोन पट्ट्या चिकटवल्या: एक देणाऱ्याच्या पायाशी, एक घेणाऱ्याच्या. फोल्डर छातीच्या उंचीवर, उघडा, चेहऱ्याखाली. सभागृहातले एलईडी दिवे विजेच्या वारंवारितेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात; पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे शटर १/१०० किंवा १/५०, आणि ६० हर्ट्झचा असेल तिथे १/१२५ किंवा १/६० ठेवलं की छायाचित्रात काळपट पट्टे येत नाहीत. फ्लॅश पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढा वेळ दोघांनी थांबायचं, हे देणाऱ्यांनाही सांगून ठेवलं.

९ मार्च

अधिसूचना काल आली. गौरव क्रमांक १९ ला ‘डॉ.’ लागलं; तक्ता, प्रमाणपत्र, पडदा, कार्ड, चारही ठिकाणी दुरुस्ती झाल्याची सही घेतली.

सूत्रसंचालनाची कार्डं: एका व्यक्तीला एक कार्ड, १८ पॉइंट, एकाच बाजूला. वर गौरव क्रमांक, मग नाव, खाली अवघड नावाची अक्षरफोड, मग गौरवाची एक ओळ. आधी गौरवाची ओळ वाचायची, नाव शेवटी. नाव आधी घेतलं की टाळ्या सुरू होतात आणि कशासाठी बोलावलं ते कोणालाच ऐकू येत नाही. ‘टाळ्या शेवटी एकदाच वाजवूया’ अशी विनंती करायची नाही. प्रत्येकाला आपापल्या टाळ्या मिळाल्या पाहिजेत; ३० सेकंदांत त्या धरलेल्याच आहेत.

पाहुण्यांचा परिचय ६० शब्दांत. वर्षभरात निवर्तलेल्या सहकाऱ्यांचं स्मरण सुरुवातीलाच, नावं कुटुंबीयांकडून तपासून.

पडद्यावरची चित्रं तयार: प्रत्येकी एक, छायाचित्र, नाव, गौरव, कोपऱ्यात क्रमांक. सादरीकरणाची फाइल नेली तर दुसऱ्या लॅपटॉपवर फॉन्ट नसल्यास देवनागरी विस्कटते, म्हणून १९२० × १०८० च्या प्रतिमा करून क्रमांकाने नावं दिली.

१२ मार्च

तालीम, आठ जणांना घेऊन, घड्याळ लावून. एका गौरवाला सरासरी ४१ सेकंद लागले. २५ विद्यार्थ्यांचे तसे १७ मिनिटं ५ सेकंद होतील, साडेचार मिनिटं जादा. वेळ जातो कुठे? नाव पुकारल्यावर खुर्चीतून उठून चौथऱ्यापर्यंत येण्यात. म्हणून बदल: पुकारलेली व्यक्ती चौथऱ्यावर, पुढची रॅम्पच्या तोंडाशी, तिसरी रांगेच्या टोकाला, अशी साखळी कायम ठेवायची. पुन्हा घेतल्यावर २७ सेकंद. २५ जणांचे ११ मिनिटं १५ सेकंद. छायाचित्रासाठीचे तीन सेकंद कापले नाहीत.

बिनतारी माइक सभागृहभर फिरवून पाहिला; मागच्या उजव्या दाराजवळ आवाज तुटतो. तिथून कोणी बोलणार नाही, पण रिसीव्हर मिक्सरच्या कपाटातून बाहेर काढून टेबलावर ठेवल्यावर तेही थांबलं. सेल त्या दिवशी नवे अल्कलाइन घालायचे. पुन्हा भरता येणारे सेल १.२ व्होल्टचे असल्याने माइकवरची पातळी सुरुवातीपासून कमी दिसते आणि नेमकं किती उरलं ते कळत नाही.

१४ मार्च

१:०० चौथरा, रॅम्प, पट्ट्या. २:१५ ध्वनी आणि पडदा. लॅपटॉपची झोप आणि सूचना बंद. ३:१५ फोल्डर ०१ ते ३२ मोजून क्रमाने. ३:३० दारात नोंदणी, गौरवमूर्तींना आसन क्रमांकाची चिठ्ठी.

३:५० ला हजेरी ३०. क्रमांक ०८ आणि २२ गैरहजर; ०८ च्या जागी आई स्वीकारणार. २२ चा फोल्डर, कार्ड आणि पडद्यावरचं चित्र तिन्ही एकाच वेळी बाजूला. नाव मात्र वाचायचं: ‘अनुपस्थितीत गौरव’, एका ओळीत.

पाहुणे १५ मिनिटं उशिरा पोहोचणार असा निरोप आला. वाट पाहिली नाही. स्मरण आणि विभागाचा अहवाल आधी घेतला, त्यांचं भाषण गौरवांच्या मधे, विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्या दरम्यान टाकलं. ही जागा पुढच्या वर्षीही ठेवण्यासारखी आहे. सलग गौरवांत श्रोत्यांचं लक्ष विसाव्या नावानंतर ढळायला लागतं, तिथे मधे विराम मिळाला.

क्रमांक १४ चा उच्चार कार्डावरच्या अक्षरफोडीप्रमाणे नेमका झाला. २६ च्या वेळी पडदा दोन सेकंद काळा झाला. लॅपटॉपच्या बाजूची एचडीएमआय पिन सैल होती, पुढे हाताने धरून ठेवली. अशा जोडावर चिकटपट्टी लावणं पाहणीच्या यादीत घातलं. कर्मचाऱ्यांचा गौरव प्राध्यापकांच्या आधी होता, शेवटी उरकलेला नव्हता. सूक्ष्मदर्शकांच्या नोंदवहीचं वाक्य वाचताना मागच्या तीन रांगा उभ्या राहिल्या.

५:३२ ला समाप्ती, दोन मिनिटं जास्त. ती निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांच्या बोलण्यात गेली. तिथे घंटा वाजवायची नाही, हे आधीच ठरलं होतं.

१७ मार्च

छायाचित्रं गौरव क्रमांकाने नावं देऊन ज्याची त्याला पाठवली. संमती न दिलेल्या दोघांची सार्वजनिक फोल्डरमधून काढली. समूह छायाचित्रात त्यांना आधीच विचारून कडेला उभं केलं होतं, त्यामुळे कातरता आलं.

एका प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचं जुनं नाव असल्याचं विद्यार्थ्याने कळवलं. कोऱ्या पाच प्रतींपैकी एकीवर छापून, सही करून त्याच दिवशी दिलं. जुनी प्रत परत घेऊन नोंदवहीत ‘रद्द’ असा शेरा. प्रमाणपत्र नोंदवहीत क्रमांक, नाव, दिनांक आणि पोच हे चार रकाने पुरतात.

२१ मार्च

२२ चं प्रमाणपत्र टपालाने रवाना, पोचपावतीसह, आत सपाट पुठ्ठा घालून; ते गुंडाळून नळीत घातलं तर ३०० जीएसएमच्या कागदाला बाक बसतो. ०८ च्या आईने सोहळ्यात सही केली आहे, ती नोंदवहीत चिकटवली.

पुढच्या समितीसाठी एकच फोल्डर ठेवला: रिकामा तक्ता (स्तंभांचे प्रकार लावलेले), पत्राचा नमुना, प्रमाणपत्राची मूळ फाइल आणि फॉन्ट, चौथरा व रॅम्पचा मापांसह आराखडा, मिनिटागणिक वेळापत्रक (ठरलेलं आणि झालेलं, शेजारी-शेजारी). व्यक्तींची माहिती असलेला यंदाचा तक्ता त्यात ठेवला नाही. तो कार्यालयाच्या कुलूपबंद नोंदीत. उरलेल्या चार कोऱ्या प्रती उभी रेघ मारून रद्द केल्या, कारण सहीची जागा असलेला कोरा कागद कपाटात पडून राहू नये. दोन स्मृतिचिन्हांच्या नावपट्ट्यांचा गोंद सुटतोय असं कळलं आहे; २५ तारखेला त्या बदलून घ्यायच्या.